बोलक्या यंत्राचे हात

एखाद्या घरीं मोठा बहुश्रुत पाहुणा उतरावा, चार शास्त्रें त्याला मुखोद्गत असावींत, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें तत्काळ द्यावें. परंतु त्याच घराच्या कपाटांत काय ठेवलें आहे हें त्याला ठाऊक नसावें, आणि ठाऊक झालें तरी कपाट उघडण्याची सोय नसावी, अशी कांहींशी स्थिति संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राची आरंभीं होती. अमेरिकेंतील ओपनएआय या संस्थेनें ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांपुढें ठेवलें. तें पत्रें लिही, पद्यें रची, क्लिष्ट विषय सोपा करून सांगे. परंतु त्याच्याशीं बोलणाराची दैनंदिनी, त्याचा जमाखर्च किंवा त्याच्या संग्रहांतील एखादा ग्रंथ यांपैकीं कशापर्यंतही तें स्वतः होऊन पोंचत नसे. त्याला तोंड होतें, हात नव्हते. ते हात पुढें कसे जोडले गेले, आणि जोडतांना कोणता प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिला, हा इतिहास थोड्या वर्षांचा असला तरी बोधप्रद आहे.

या हातांना व्यवहारांत 'एक्स्टेन्शन' किंवा 'प्लग-इन' म्हणतात. मूळ प्रोग्रॅम एकानें लिहिलेला असतो. त्यांत फेरफार न करतां, त्याच्या कर्त्यानेंच मोकळ्या ठेवलेल्या एका दारानें दुसऱ्या कोणीं आपली लहानशी कृति आणून जोडली, म्हणजे तें एक्स्टेन्शन झालें. प्रत्येक माणसाची गरज मूळ कर्त्याला आधीं कळणें शक्य नसतें, म्हणून तो दार ठेवतो. परंतु दार ठेवलें कीं त्यांतून कोण येणार आणि आंत येऊन काय करणार, हा प्रश्न आलाच. एक्स्टेन्शनचा सारा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळीं मिळालेलीं उत्तरें होत.

पहिलें उत्तर बोलक्या यंत्राच्या जन्माइतकेंच जुनें आहे. अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठांत जोसेफ वायझेनबाउम यांनीं १९६४ ते १९६६ या काळांत आयबीएम ७०९४ या संगणकावर 'एलायझा' नांवाचा प्रोग्रॅम तयार केला, व १९६६ च्या जानेवारींत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतील, शुद्ध बोलण्याचे धडे घेणाऱ्या नायिकेवरून हें नांव ठेवलेलें होतें. एलायझा मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरच्या थाटानें बोले. कोणीं आईचा उल्लेख केला कीं कुटुंबाविषयीं आणखी सांगावें असें सुचवी. ही गोष्ट पुष्कळांच्या कानावर असते. तिच्याइतकी प्रसिद्ध नसलेली, परंतु या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, कीं हा डॉक्टर मूळ प्रोग्रॅममध्यें नव्हताच. कोणता शब्द आढळला असतां वाक्याची मोडणी कशी करावी आणि उत्तर कसें जुळवावें, याचे नियम 'डॉक्टर' नांवाच्या एका वेगळ्या संहितेंत लिहिलेले होते. ती संहिता काढून दुसरी घातली, म्हणजे एलायझा निराळ्या विषयावर, इतकेंच नव्हे तर निराळ्या भाषेंत बोलूं शके. इंग्रजीखेरीज वेल्श व जर्मन भाषांतील संहिताही त्या वेळीं तयार झालेल्या होत्या.

अशा जोडणीपासून भय असें कांहीं नव्हतें. फार तर एलायझाच्या तोंडीं दुसरीं वाक्यें येत. तिला कोणाचा कागद उघडतां येत नसे, कीं कोणाला पत्र धाडतां येत नसे. तरीही वायझेनबाउम अस्वस्थ झाले. त्यांच्या चिटणीस बाईंनीं तो प्रोग्रॅम कित्येक महिने तयार होतांना पाहिला होता. तो केवळ एक प्रोग्रॅम आहे हें त्यांना पुरतेपणीं ठाऊक होतें. असें असूनही एलायझाशीं थोडेंसें बोलणें होतांच त्यांनीं वायझेनबाउमना खोलीबाहेर जाण्याची विनंति केली. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत वायझेनबाउम यांनीं हा प्रसंग नमूद केला आहे. यंत्राच्या नुसत्या शब्दांवर माणूस किती लवकर विसंबतो, हें त्यांना दिसून आलें होतें.

त्याच १९७६ सालीं एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धीच्या प्रयोगशाळेंत दुसरें उत्तर आकाराला आलें. तेथें रिचर्ड स्टॉलमन यांनीं गाय स्टील यांच्या साहाय्यानें 'ईमॅक्स' नांवाचा, मजकूर लिहिण्याचा व सुधारण्याचा प्रोग्रॅम सिद्ध केला. 'टेको' या जुन्या प्रोग्रॅमसाठीं निरनिराळ्या लोकांनीं लिहून ठेवलेल्या लहान लहान आज्ञासंचांतून तो उभा राहिला. वापरणारानें स्वतः नवी आज्ञा लिहावी, चालू प्रोग्रॅममध्येंच ती मिळवावी, उपयोगी वाटली तर इतरांस द्यावी, हें त्याचें मुख्य सूत्र होय. येथें दाराला दरवान नव्हता. जोडलेल्या आज्ञेला मूळ प्रोग्रॅमइतकेच अधिकार मिळत; देणारा व घेणारा बहुधा एकाच प्रयोगशाळेंतले असल्यामुळें त्यांत कोणाला वावगें वाटत नसे. कौतुकाची गोष्ट अशी, कीं १९८५ पासून प्रसृत झालेल्या 'ग्नू ईमॅक्स'मध्यें एलायझाच्या डॉक्टरचीही एक प्रतिकृति आहे. 'डॉक्टर' ही आज्ञा दिली कीं ती बोलूं लागते. बोलकें यंत्र अशा रीतीनें दुसऱ्या प्रोग्रॅमची पुरवणी होऊन बसलें.

परंतु घरोब्यांत चालणारा व्यवहार बाजारांत चालत नाहीं. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं 'फायरफॉक्स' या ब्राउझरची पहिली आवृत्ति निघाली. त्याचीं एक्स्टेन्शनें अनोळखी माणसांनीं लिहिलेलीं असत आणि अनोळखी माणसें तीं घेत. त्या एक्स्टेन्शनांना ब्राउझरच्या अंतर्भागांत जवळजवळ सर्वत्र संचार करतां येई. कल्पकतेला त्यामुळें वाव मिळाला खरा. पण ब्राउझरची आवृत्ति बदलली कीं एक्स्टेन्शन मोडे, आणि एखाद्याचा हेतु वाईट असला तर त्याला आवर घालणें अवघड होई. शेवटीं २०१७ च्या नोव्हेंबरांत आलेल्या ५७ व्या आवृत्तीनें जुन्या पद्धतीचीं एक्स्टेन्शनें बंद केलीं. तेथून पुढें प्रत्येक एक्स्टेन्शननें आपल्याला काय काय पाहिजे तें आधीं लिहून द्यावें आणि मोठ्या अधिकारांसाठीं वापरणाराची संमति घ्यावी, असा दंडक झाला. कित्येक आवडतीं जुनीं एक्स्टेन्शनें त्यांत कायमचीं गेलीं, व तीं वापरणारांना हळहळ वाटली. परंतु मागावें तें मोजकें मागावें, आणि विचारून घ्यावें, हें तत्त्व त्यांतून रुजलें.

चॅटजीपीटी आलें त्या वेळीं जगाच्या पदरीं हा अनुभव जमा होता. २३ मार्च २०२३ रोजीं ओपनएआयनें आपल्या यंत्रासाठीं प्लग-इन जाहीर केले. त्यांची घडण पूर्वींच्या एक्स्टेन्शनांहून एका बाबतींत अगदीं निराळी होती. पूर्वीं एक्स्टेन्शन केव्हां चालवावयाचें हें माणूस ठरवी; तो कळ दाबी, किंवा प्रोग्रॅममध्यें तसा नियम लिहिलेला असे. आतां तें यंत्रच ठरवूं लागलें. प्लग-इनबरोबर साध्या भाषेंत लिहिलेलें एक वर्णन द्यावें लागे. तें वर्णन वाचून, समोरच्या प्रश्नाशीं ताडून, यंत्र त्या प्लग-इनला हांक मारी. ही योजना फार टिकली नाहीं. २०२४ च्या एप्रिलांत ती पूर्णपणें बंद झाली व तिची जागा त्याच संस्थेच्या दुसऱ्या योजनेनें घेतली. ज्यांनीं या एका दारासाठीं कृति तयार केल्या होत्या, त्यांचे श्रम दारासकट संपले.

एकाच मालकाच्या दारासाठीं काम करण्यांत हा धोका असतोच. त्याला गणिताचीही एक बाजू आहे. बोलकीं यंत्रें दहा असतील आणि त्यांना जोडावयाच्या वस्तु वीस असतील, तर प्रत्येक यंत्राची प्रत्येक वस्तूशीं वेगळी जोडणी करण्यास दोनशें कृति लागतील. सर्वांनीं दाराचें एकच माप ठरविलें, तर दहा अधिक वीस, म्हणजे तीसच पुरतील. प्रोग्रॅम लिहिणारांच्या जगांत हें शहाणपण पूर्वींच आलेलें होतें. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' नांवाचा करार पुढें मांडला व त्यायोगें कोणत्याही संपादक-प्रोग्रॅमला कोणत्याही प्रोग्रॅमिंग-भाषेचें ज्ञान एकाच पद्धतीनें पुरवितां येऊं लागलें. हाच धडा घेऊन अँथ्रॉपिक या अमेरिकन संस्थेनें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', संक्षेपानें 'एमसीपी', प्रसिद्ध केला. डेव्हिड सोरिया पारा व जस्टिन स्पार-समर्स हे त्याचे आरंभीचे कर्ते होत. या संस्थेचें 'क्लॉड' नांवाचें यंत्र, मेजावरील संगणकांत स्वतंत्र ऍपच्या रूपानें, त्याच्या आदल्याच महिन्यांत उपलब्ध झालें होतें. करार खुला असल्यामुळें प्रतिस्पर्धीही त्यांत आले; २०२५ च्या मार्चमध्यें ओपनएआयनें तो स्वीकारल्याचें जाहीर केलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेच्या स्वाधीन करण्यांत आला.

हा करार प्रत्यक्षांत कसा चालतो, हें मराठी घरांतल्या एका उदाहरणावरून पाहतां येईल. समजा, कोणी गृहस्थ पेशवेकालीन पत्रें वाचीत आहेत आणि त्यांत 'बेगमी'सारखा जुना शब्द अडला. बोलक्या यंत्राला विचारलें, तर तें आपल्या स्मृतींतून उत्तर देतें. पुष्कळदां तें बरोबर असतें, पण चुकलें तरी तितक्याच आत्मविश्वासानें देतें. याउलट मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून मुंबईहून छापलेला आहे, त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ ची आहे, आणि ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहांत संगणकावर वाचावयास मिळते. त्या कोशाचा मजकूर एका फाइलमध्यें घरीं ठेवला आणि यंत्राला तो उघडण्याचा हात दिला, तर यंत्राला तर्क करण्याचें कारण उरत नाहीं.

हा हात म्हणजे एक लहान प्रोग्रॅम. त्याला 'सर्व्हर' म्हणतात. नांव भारदस्त असलें, तरी तो त्याच मेजावरील संगणकांत चालतो. ऍप उघडलें कीं तें या सर्व्हरला जागें करतें, आणि दोघांमध्यें ठराविक सांच्यांतल्या निरोपांची देवघेव सुरू होते. प्रथम परस्परांची ओळख व कराराच्या आवृत्तीची खात्री, नंतर "तुझ्यापाशीं कोणतीं अवजारें आहेत?" अशा अर्थाची पृच्छा, आणि पुढें प्रसंग पडेल तसें अमुक अवजार अमुक शब्दासाठीं चालवावें, अशी मागणी. कोशाच्या सर्व्हरपाशीं एकच अवजार असलें तरी पुरे. त्याचें नांव, त्याला कोणती माहिती द्यावी लागते त्याचा तपशील, आणि साध्या भाषेंतील वर्णन, एवढें त्यानें जाहीर केलें कीं झालें. ज्या प्रवाहांतून निरोप जातात, त्यांत नवशिका प्रोग्रॅमर स्वतःच्या सोयीसाठीं 'काम सुरू झालें' अशी एखादी ओळ छापून ठेवतो, आणि मग निरोपांचा सांचा बिघडून जोडणी कां तुटली हें शोधीत बसतो. असल्या नोंदींसाठीं दुसरा प्रवाह असतो; तेथेंच त्या लिहावयाच्या असतात.

या कामांत सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते ती वर्णनाची. पूर्वीं प्रोग्रॅमबरोबरचें वर्णन माणसासाठीं असे, आणि कित्येकदां तें कोणी वाचीतही नसे. येथें तें यंत्र वाचतें व त्यावरून वागतें. 'शब्द शोधतो' एवढेंच लिहिलें, तर यंत्र कोशाकडे कधीं वळेल, कधीं वळणार नाहीं. 'जुन्या मराठी शब्दाचा अर्थ मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत पाहतो. शब्द न सांपडल्यास तसें स्पष्ट कळवितो' असें लिहिलें, तर कोश केव्हां उघडावा आणि न सांपडलेल्या शब्दाचें काय करावें, हें यंत्राला कळतें. ज्यानें नेमकें लिहिण्याची संवय केली आहे, त्याला या नव्या विद्येंत प्रोग्रॅम लिहिणाराइतकाच मान आहे.

आरंभीं अशी जोडणी घरच्या संगणकावर करणें सामान्य माणसाला जड जाई. एका फाइलमध्यें सर्व्हरचा पत्ता हातानें लिहावा लागे, आणि एखादा स्वल्पविराम चुकला तरी काम अडे. २६ जून २०२५ रोजीं अँथ्रॉपिकनें 'डेस्कटॉप एक्स्टेन्शन' ही सोय जाहीर केली. सर्व्हर, त्याला लागणारी सामग्री आणि 'मॅनिफेस्ट' नांवाची एक परिचयपत्रिका यांचें एकच गांठोडें बांधावयाचें. तें उघडलें कीं ऍप तें बसवून घेतें. गांठोड्याचें मूळ नांव 'डीएक्सटी' असें होतें, तें पुढें 'एमसीपीबी' झालें. कर्ता कोण, अवजारें कोणतीं, कोणती माहिती वापरणाराकडून मागावयाची, हें पत्रिकेंत लिहिलेलें असतें; गुप्त किल्ल्या मागितल्या, तर त्या संगणकाच्या स्वतःच्या तिजोरींत ठेवण्याची तरतूद आहे. जें काम प्रोग्रॅमर करीत, तें दोन कळा दाबून कोणालाही करतां येऊं लागलें.

आणि नेमक्या याच ठिकाणीं तो जुना प्रश्न नव्या रूपानें परत आला. बोलक्या यंत्राला मालकाची आज्ञा आणि वाचावयास दिलेला मजकूर, हीं दोन्ही शब्दांच्याच रूपानें मिळतात, आणि त्यांतला भेद त्याला खात्रीनें करतां येत नाहीं. एखाद्यानें धाडलेल्या पत्रांत 'हें वाचणारानें मालकाचे कागद अमुक पत्त्यावर पाठवावेत' असें लिहिलें असेल, तर माणूस तें वाचून हंसेल. यंत्र कदाचित् तें करूं लागेल. या फसवणुकीला २०२२ च्या सप्टेंबरांत सायमन विलिसन यांनीं 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हें नांव दिलें. २०२५ च्या एप्रिलांत इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेनें दाखवून दिलें, कीं कपटी आज्ञा अवजाराच्या वर्णनांतही दडवितां येते. तें अवजार एकदांही न चालवितां नुसत्या वाचनानें यंत्र बहकूं शकतें. ज्या वर्णनाच्या बळावर ही सारी रचना उभी आहे, तेंच तिचें मर्मस्थान ठरलें.

यावर विलिसन यांनींच २०२५ च्या जूनमध्यें एक साधी कसोटी सांगितली. मालकाच्या खाजगी माहितीपर्यंत पोंच, परक्यानें लिहिलेल्या मजकुराचें वाचन, आणि बाहेर निरोप पाठविण्याचें सामर्थ्य, या तीन गोष्टी एकाच यंत्राच्या ठायीं एकत्र आल्या, म्हणजे चोरीला वाट मोकळी झाली असें समजावें. तींपैकीं कोणतीही एक काढून घेतली कीं ती वाट बंद होते. वर सांगितलेल्या कोशाला ही कसोटी लावून पाहावी. त्याचा हात एकाच फाइलपर्यंत पोंचतो. त्याला ती वाचतां येते, बदलतां येत नाहीं. बाहेर कांहीं पाठविण्याचें साधन त्याच्यापाशीं नाहीं. याउलट उत्साहाच्या भरांत कोणीं असें एक्स्टेन्शन केलें, कीं जें घरांतल्या सर्व फाइली वाचील, आलेलीं पत्रें पाहील आणि उत्तरेंही धाडील, तर त्यानें सोय पुष्कळ केली. पण तिन्ही गोष्टी एका हातांत दिल्या. एकटीं असतां निरुपद्रवी अशीं तीन एक्स्टेन्शनें एकाच ऍपमध्यें बसविलीं, तरी परिणाम तोच होतो; ही गोष्ट बसविणाराच्या लक्षांत चटकन येत नाहीं.

अवजार चालविण्यापूर्वीं माणसाला विचारून घ्यावें, ही शिफारस एमसीपीच्या करारांतच आहे, आणि ऍप तसें विचारतेंही. पण दहा वेळां विचारल्यावर अकराव्या वेळीं न वाचतां 'होय' म्हणण्याचा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून विचारण्यावर सारा भार टाकून चालत नाहीं. मुळांत हातच बेताचा द्यावा लागतो. फायरफॉक्सला हें उमगावयास तेरा वर्षें लागलीं. बोलक्या यंत्रांच्या बाबतींत तितका अवकाश मिळेलच असें नाहीं. कारण येथें अधिकार वापरणारा केवळ लिहिलेला नियम पाळणारा प्रोग्रॅम नसून, दुसऱ्याच्या शब्दांनीं वळविला जाणारा एक अर्थकर्ता आहे.

एलायझाशीं बोलतां बोलतां त्या चिटणीस बाईंनीं वायझेनबाउमना खोलीबाहेर पाठविलें, त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. एलायझा कोणाचें कपाट उघडणार नव्हती. आज जो कोणी घरीं बसून आपल्या यंत्रासाठीं एक्स्टेन्शन तयार करतो, तो त्याला कपाटाची किल्ली देत असतो. कोणत्या कपाटाची द्यावी, आंतलें केवळ पाहूं द्यावें कीं हलवूं द्यावें, आणि तें काम चालू असतां आपण खोलींत थांबावें कीं बाहेर जावें, हें अजून माणसानेंच ठरवावयाचें आहे.